शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेसला फोल्डरमध्ये लिहिता येत नाही: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

ग्रंथालये, शाळा, पतसंस्था आणि दिवाळी अंक यांची शेअर्ड होस्टिंगवरची, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असतात तिथली, संकेतस्थळे सांभाळताना एक दोष मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो: संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. त्यावरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे फोल्डरची परवानगी ७७७ करणे, म्हणजे सर्वांनाच तिथे लिहिण्याची मुभा देणे. तो का करू नये आणि त्याऐवजी काय तपासावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. लिनक्स सर्व्हर आणि सीपॅनेल (होस्टिंगचे खाते ब्राउझरमधून सांभाळण्याची सोय) गृहीत धरले आहेत. विंडोज होस्टिंगवर परवानग्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे पुढचे आकडे तिथे लागू पडत नाहीत.

लक्षणे

चित्र चढवताना अमुक वर्षाचे आणि महिन्याचे फोल्डर तयार करता आले नाही, त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये सर्व्हरला लिहिता येते का, असा संदेश येतो. किंवा चढवलेली फाइल अपलोड्स फोल्डरमध्ये हलवता आली नाही, असे सांगितले जाते. प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली जादा सुविधा) अद्ययावत करायला गेल्यास डिरेक्टरी तयार करता आली नाही असे म्हणून काम अर्धवट थांबते, किंवा पूर्वी कधीही न विचारलेली एफटीपीची (सर्व्हरवर फाइली पाठवण्याच्या पद्धतीची) माहिती वर्डप्रेस अचानक मागू लागते. पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची मांडणी) जतन केल्यावर एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलमध्ये या ओळी स्वतः लिहा, अशी सूचना येते. कॅशेचे (पानांच्या तयार प्रती साठवणारे) प्लगइन चालू असूनही त्याचे फोल्डर रिकामे राहते.

आणखी एक लक्षण अनेकांना चक्रावून टाकते. महिनाभर चित्रे व्यवस्थित चढत असतात आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सगळे बंद पडते. याचे कारण असे की वर्डप्रेस अपलोड्समध्ये वर्षाचे आणि त्याच्या आत महिन्याचे फोल्डर करते. चालू महिन्याचे फोल्डर आधीच तयार असेल तर वरच्या फोल्डरमधला दोष झाकलेला राहतो आणि नवे फोल्डर करण्याची वेळ आली की उघडा पडतो. वर्षाच्या फोल्डरमध्ये दोष असेल तर तो महिना बदलताना दिसतो. खुद्द अपलोड्स फोल्डरमध्ये असेल तर थेट जानेवारीत.

प्रथम संदेश पूर्ण वाचावा

ही तपासणी फुकट आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. संदेशात फोल्डरचा मार्ग छापलेला असतो. तो मार्ग तुमच्या आजच्या खात्याचाच आहे का, हे आधी पाहावे. त्यात जुन्या होस्टवरच्या खात्याचे नाव दिसत असेल तर मधल्या तपासण्या सोडून पुढे ‘जुना मार्ग’ येथे जावे. त्यानंतर संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरमध्ये किंवा सीपॅनेलच्या ‘एरर्स’ विभागात त्याच वेळेची पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते तिची) नोंद शोधावी, कारण पडद्यावरचा संदेश ढोबळ असतो आणि नोंदीतला नेमका. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर दोष खरोखर परवानगीचा किंवा मालकीचा आहे. ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ किंवा ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असेल तर जागेचा. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ बहुधा चुकीच्या मार्गाकडे बोट दाखवते. ‘ओपन बेसडिर रिस्ट्रिक्शन’ याचा अर्थ पीएचपीला त्या फोल्डरपर्यंत जायलाच मनाई आहे, आणि ‘फाइल नेम टू लाँग’ हे तर नावातच स्पष्ट आहे. या पाचांपैकी फक्त पहिल्यावर परवानगीचे आकडे बदलून काही साधते. बाकीच्या चारांवर आकडे बदलणे म्हणजे मूळ दोष तसाच ठेवून नवा निर्माण करणे होय.

साइट हेल्थ

वर्डप्रेसच्या टूल्स मेनूत साइट हेल्थ आहे. त्याच्या इन्फो पानावर अगदी खाली फाइल सिस्टिमच्या परवानग्यांचा भाग असतो. मुख्य डिरेक्टरी, डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड्स, प्लगइन्स आणि थीम्स या प्रत्येकापुढे लिहिता येते की नाही हे तिथे दिलेले असते. ही सोय वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे आणि तिथे काहीही बदलत नसल्यामुळे ती पूर्ण निर्धोक आहे.

या पानाचा खरा उपयोग दोषाचे दोन भाग पाडण्यासाठी होतो. अपलोड्सपुढे ‘लिहिता येत नाही’ असे असेल तर परवानगी किंवा मालकी पाहायची. ‘लिहिता येते’ असे असूनही चित्र चढत नसेल, तर बहुधा जागा संपलेली असते, फाइलचे नाव अडलेले असते किंवा दोष आतल्या वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये असतो, कारण हे पान सर्वांत वरचे अपलोड्स फोल्डर तेवढे तपासते. कोटा भरलेला असतानाही ते ‘लिहिता येते’ असेच सांगते. परवानगी असणे आणि जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जागा आणि फाइलींची संख्या

सीपॅनेलच्या पहिल्याच पानावर बाजूला डिस्क वापर आणि बहुतेक होस्टकडे फाइल वापर, म्हणजेच आयनोड, असे दोन आकडे दिसतात. पहिला सगळे पाहतात, दुसरा फारसा कोणी पाहत नाही. फाइल कितीही लहान असली तरी ती एक आयनोड घेते, त्यामुळे अर्धी जागा शिल्लक असतानाही खात्याची आयनोडची मर्यादा भरू शकते, आणि मग नवी फाइल किंवा फोल्डर तयार होणे थांबते. पडद्यावर येणारा संदेश मात्र हुबेहूब परवानगीच्या दोषासारखा असतो.

आयनोड खाणाऱ्या गोष्टी साधारण ठरलेल्या आहेत. कॅशे प्लगइनच्या हजारो लहान फाइली ही पहिली. दुसरी ईमेल: सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये प्रत्येक पत्र ही सहसा स्वतंत्र फाइल असते, त्यामुळे कोणीही न उघडलेल्या ‘इन्फो’ नावाच्या पत्त्यावर वर्षानुवर्षे साठलेले स्पॅम संकेतस्थळाच्याच मर्यादेत मोजले जाते. तिसरी म्हणजे प्रत्येक चित्राच्या थीमने करून ठेवलेल्या निरनिराळ्या मापांच्या प्रती. जागा खाणाऱ्यांमध्ये जुन्या बॅकअपच्या झिप फाइली, वाढत गेलेली एरर लॉग फाइल आणि फाइल मॅनेजरची कचरापेटी पाहावी. पेटीतल्या फाइली खोडल्यासारख्या दिसल्या तरी ती रिकामी करेपर्यंत कोट्यात धरल्या जातात. खोडण्यापूर्वी बॅकअपची एक प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.

देवनागरी नाव असलेली फाइल

ही अडचण मराठी संकेतस्थळांवर विशेष येते. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची मोजणी वेगळी होते, म्हणजे प्रत्यक्षात ८५ चिन्हांत मर्यादा संपते. विंडोज अशी मर्यादा बाइटमध्ये मोजत नाही, त्यामुळे कार्यालयातल्या संगणकावर ‘वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या सभागृहात झालेल्या पुस्तक प्रदर्शनाचे उद्घाटन’ हे नाव निमूटपणे जतन होते आणि सर्व्हरवर मात्र अडते. त्यात वर्डप्रेस लहान प्रतींच्या नावापुढे मापांचे आकडे जोडते, तेवढी जागाही धरावी लागते.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: तेच चित्र रोमन अक्षरांतले एखादे छोटे नाव देऊन चढवून पाहावे. चढले, तर परवानग्यांना हात लावण्याचे कारणच उरत नाही. चित्राचे मराठी शीर्षक आणि वर्णन मीडिया लायब्ररीत लिहावे. वाचकाला आणि शोधयंत्राला तेच उपयोगी पडते.

परवानगीचे आकडे

नोंदीत ‘परमिशन डिनाइड’ असेल तरच येथे यावे. तीन आकड्यांपैकी पहिला मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, यांची बेरीज म्हणजे आकडा. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ आत शिरणे असा होतो, आणि तो लक्षात ठेवला की बरेच गोंधळ टळतात. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ ही वर्डप्रेसची नेहमीची मांडणी आहे. फाइलला ६४४ चालते म्हणून फोल्डरलाही ६४४ दिले तर त्यात शिरण्याची परवानगीच जाते, आणि आत सर्व काही जागच्या जागी असून चित्रे दिसेनाशी होतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असल्यामुळे तिला ६०० किंवा ६४० ठेवावे.

सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये परवानगीचा स्तंभ सर्वांत उजवीकडे असतो. संदेशातला मार्ग घेऊन वरून खाली एकेक फोल्डर पाहत यावे, कारण मधल्या एकाच फोल्डरवर ५५५ असले तरी थेट त्याच्या आत नवे काही तयार होत नाही. पब्लिक एचटीएमएल या फोल्डरवर ७५० दिसले तर ते तसेच राहू द्यावे. तिथे गट ‘नोबडी’ असतो, वेब सर्व्हर त्याच गटातून आत येतो आणि इतर खात्यांना मज्जाव होतो; ही मांडणी सीपॅनेलने मुद्दाम केलेली असते.

फोल्डर पुष्कळ असतील तर फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्रॅम सोयीचा पडतो. परवानगीच्या खिडकीत उपफोल्डरांतही लागू करण्याचा पर्याय असतो आणि त्याखाली ‘फक्त फाइली’ व ‘फक्त डिरेक्टरी’ अशी निवड असते. आधी फक्त डिरेक्टरी निवडून ७५५, मग फक्त फाइली निवडून ६४४, असे दोन वेगळे फेरे करावेत आणि शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिगचा आकडा परत घट्ट करावा. हे काम संकेतस्थळाच्या फोल्डरपुरतेच करावे. खात्याच्या मुळापासून कधीही सुरू करू नये, कारण तिथे मेलचे फोल्डर आणि एसएसएचच्या (सर्व्हरवर सुरक्षित प्रवेशाच्या) किल्ल्या असतात, आणि खाजगी किल्लीवर ६४४ लागले की एसएसएच ती नाकारते.

आता ७७७ विषयी. हा सल्ला त्या काळातला आहे, जेव्हा अनेक शेअर्ड सर्व्हरवर पीएचपी खातेदाराच्या नावाने न चालता ‘नोबडी’सारख्या सामाईक नावाने चालत असे आणि इतरांना लिहू दिल्याशिवाय वर्डप्रेसला लिहिताच येत नसे. आजच्या बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालते. मालकाला ७ मिळाले की काम भागते. उरलेल्या दोन साती पीएचपीला काहीही देत नाहीत. उलट पीएचपी चालवण्याची सू-पीएचपी ही पद्धत असलेल्या सर्व्हरवर इतरांना लिहिण्याची मुभा असलेली फाइल किंवा फोल्डर दिसताच पान ५०० ची चूक देऊन बंद पडते. पीएचपी-एफपीएम किंवा लाइटस्पीड यांपैकी दुसरी पद्धत असेल तर असा अडथळा येत नाही आणि उघडे फोल्डर मुकाट्याने उघडेच राहते.

त्याहून वाईट म्हणजे ७७७ पसरते. वर्डप्रेस नवे फोल्डर करताना त्याच्या वरच्या फोल्डरची परवानगी उचलते आणि चढवलेल्या फाइलची परवानगीही तिच्या फोल्डरवरूनच ठरवते. अपलोड्सवर एकदा ७७७ लावले की पुढच्या प्रत्येक महिन्याचे फोल्डर ७७७ आणि त्यातली प्रत्येक नवी फाइल ६६६ होत जाते. असे संकेतस्थळ हाती आले तर एकट्या अपलोड्सचा आकडा दुरुस्त करून भागत नाही. वरचे दोन फेरे अपलोड्सच्या आत पूर्ण करावे लागतात.

प्रत्येक अपडेटनंतर दोष परत येत असेल

चित्रे चढतात, पण प्लगइन अद्ययावत केले की तेच प्लगइन बंद पडते, आकडे दुरुस्त केले की चालते आणि पुढच्या अपडेटला पुन्हा बंद पडते, असे होत असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग उघडावी. त्यात एफएस-सीएचमॉड-डिर आणि एफएस-सीएचमॉड-फाइल या नावाच्या दोन ओळी कोणी घातल्या आहेत का, ते पाहावे. अपडेटनंतर कोणती परवानगी लावायची हे त्या ठरवतात. तिथला आकडा अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीचा असावा लागतो, म्हणजे त्याच्या आधी शून्य हवे. शून्य न देता नुसते ७५५ लिहिले तर पीएचपी तो आकडा दशमान समजते, आणि दशमानातले ७५५ म्हणजे अष्टमानातले १३६३. मालकाच्या वाट्याला ३ येते: लिहिता येते, आत जाता येते, पण फोल्डरची यादी वाचता येत नाही. फाइलसाठी नुसते ६४४ लिहिले तर ते १२०४ होते. मालकाला फक्त २, म्हणजे प्लगइनची फाइल लिहिली गेली खरी, पण खुद्द पीएचपीलाच ती वाचता येत नाही. फाइल मॅनेजरमध्ये असे विचित्र आकडे दिसले की कारण जवळपास निश्चित समजावे. शेअर्ड होस्टिंगवर या दोन्ही ओळींची सहसा गरज नसते. त्या काढून टाकून एकदा आकडे नीट केले की दोष परतत नाही.

अपडेट फोल्डर तयार करण्यापाशीच अडत असेल तर डब्ल्यूपी-कंटेंटमधले ‘अपग्रेड’ आणि, वर्डप्रेस ६.३ पासून, ‘अपग्रेड-टेंप-बॅकअप’ ही फोल्डरे पाहावीत. अर्धवट राहिलेल्या अपडेटमुळे ती चुकीच्या परवानगीसह पडून असू शकतात. कोणतेही अपडेट चालू नसताना ती खोडली तरी चालतात; वर्डप्रेस ती गरजेनुसार पुन्हा करून घेते.

जुना मार्ग

संकेतस्थळ एका होस्टवरून दुसरीकडे हलवले असेल तर डेटाबेसच्या ऑप्शन्स तक्त्यात ‘अपलोड पाथ’ या नोंदीत जुन्या सर्व्हरचा पूर्ण मार्ग राहून गेलेला असू शकतो. असे असेल तर सेटिंग्जमधल्या मीडिया पानावर फाइली कुठे साठवायच्या याची चौकट दिसते. एरवी ती दिसत नाही. चौकट रिकामी करून जतन करावे, म्हणजे वर्डप्रेस नेहमीच्या अपलोड्स फोल्डरकडे वळते. परवानग्या पूर्ण बरोबर असूनही तासन्‌तास वाया घालवणारा हा दोष आहे, म्हणूनच संदेशातला मार्ग आधी वाचावा असे मी वर लिहिले.

मालक कोण आहे

आकडे ७५५ आहेत, जागा आहे, मार्ग बरोबर आहे, तरीही ‘परमिशन डिनाइड’ येते: आता प्रश्न मालकीचा आहे. ७५५ मधले ७ मालकाला मिळते, आणि फोल्डरचा मालक तुम्ही नसाल तर तुमच्या वाट्याला फक्त ५ येते. स्थलांतराच्या वेळी होस्टच्या कर्मचाऱ्याने बॅकअप रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी) म्हणून उलगडला असेल, किंवा जुन्या सर्व्हरवर फाइली ‘नोबडी’च्या नावाने तयार झालेल्या असतील, तर असे होते. फाइलझिलामध्ये मालक आणि गट यांचा स्तंभ दिसतो. कधी नावे असतात, कधी नुसते क्रमांक. आत्ता एफटीपीने चढवलेल्या एखाद्या साध्या मजकूर फाइलचा मालक आणि अडलेल्या फोल्डरचा मालक शेजारी ठेवून पाहिले की निकाल लागतो.

वर्डप्रेस एफटीपीची माहिती का मागते, त्याचे उत्तरही इथेच आहे. ते एक तात्पुरती फाइल करून तिचा मालक आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक जुळतो का ते पाहते; जुळला नाही तर थेट लिहिण्याऐवजी एफटीपीचा मार्ग धरते. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एफएस-मेथड ‘डायरेक्ट’ करा, असा सल्ला यावर दिला जातो. त्याने प्रश्न विचारला जाणे बंद होते, पण मालक बदलत नाही, त्यामुळे बहुधा पुढच्याच पायरीवर काम अडते.

मालक बदलण्याचा अधिकार फक्त रूटला असतो. त्यामुळे येथून पुढे काम होस्टचे आहे. लगेच मार्ग काढायचाच असेल आणि अडलेले फोल्डर वाचता येत असेल, तर फाइल मॅनेजरमधून त्याची नव्या नावाने प्रत करावी. प्रत तुमच्या मालकीची होते. मग जुन्या फोल्डरचे नाव बदलून प्रतीला मूळ नाव द्यावे. हे जमण्यासाठी वरचे फोल्डर तुमच्या मालकीचे असायला हवे, आणि जुने फोल्डर खोडण्यासाठी शेवटी होस्टलाच सांगावे लागते.

कुठे थांबावे

मालक रूट किंवा ‘नोबडी’ असेल आणि वरची प्रत करणे शक्य नसेल, तर होस्टला तिकीट (मदतीची लेखी विनंती) पाठवावे. तात्पुरते फोल्डर सापडत नाही असा संदेश येत असेल, किंवा ओपन बेसडिरची नोंद असेल, तरीही तेच. या मांडण्या सर्व्हरच्या पातळीवर ठरतात आणि संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये कितीही बदल केले तरी सुटत नाहीत. तिकिटात पूर्ण मार्ग, नोंदीतली ओळ जशीच्या तशी, भारतीय वेळ आणि नेमकी मागणी लिहावी: ‘या फोल्डरची व त्याच्या आतल्या सर्व फाइलींची मालकी आमच्या खात्याच्या नावे करावी.’ नुसते ‘चित्रे चढत नाहीत’ असे लिहिले तर कॅशे साफ करा, असे उत्तर येण्याची शक्यता असते. आणि होस्टच्या कर्मचाऱ्याने ७७७ करून काम झाल्याचे कळवले, तर ते स्वीकारू नये. मालकी दुरुस्त करण्याची मागणी पुन्हा करावी.

काही खुणा दिसल्या तर परवानगीला अजिबात हात लावू नये. एखाद्या फाइलवर ००० दिसत असेल, तर होस्टच्या तपासणी प्रणालीने ती दूषित समजून बंद केलेली असू शकते. तिला ६४४ देणे म्हणजे घातक फाइल पुन्हा जागी करणे. इंडेक्स किंवा एचटीअ‍ॅक्सेस फाइल ४४४ होऊन बसली असेल आणि दुरुस्त केल्यावर काही मिनिटांत आपोआप तशीच होत असेल, तर सर्व्हरवर दुसरे काही तरी चालू आहे, आणि ते घुसखोराचे असण्याची शक्यता मोठी आहे. एखादे सुरक्षा प्लगइन अशा फाइली कुलूपबंद करते का, एवढे त्याच्या सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे. तसे नसेल तर संकेतस्थळ देखभालीच्या स्थितीत ठेवावे, सीपॅनेल, एफटीपी, डेटाबेस आणि वर्डप्रेस या चारही ठिकाणचे पासवर्ड स्वच्छ संगणकावरून बदलावेत आणि मालवेअर काढण्याचे काम करणाऱ्या जाणकाराला बोलवावे. पतसंस्थेच्या सभासदांची किंवा वर्गणीदारांची माहिती त्याच खात्यात असेल, तर याला एक दिवसही उशीर करू नये, आणि जाणकार येईपर्यंत एकही फाइल खोडू नये. घुसखोरी कुठून झाली याचा माग त्याच फाइलींच्या वेळांवरून आणि सर्व्हरच्या नोंदींवरून लागतो.